पिपाणीची मतं कुणाची?

"मत चुकलं तर चूक मतदाराची. यंत्राची नाही, कागदाची तर नाहीच नाही," मंदारने नळ स्टॉपच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या जाहीर केलं आणि प्राचीने चहाचा ग्लास खाली ठेवला.

विषय होता २०२४ च्या लोकसभेतला साताऱ्याचा निकाल. उदयनराजे भोसले तिथे ३२,७७१ मतांनी जिंकले. हरलेल्या शशिकांत शिंद्यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली.

"ती सगळी तुतारीचीच मतं, चुकूनच तिकडे पडली हे कशावरून?" मंदार.

मुद्दा रास्त आहे. मत गुप्त असतं, त्यामुळे किती हात चुकले हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दिंडोरी बघा ना. तिथे तुतारीवाले भास्कर भगरे निवडून आले खरे, पण पिपाणीवाल्या दुसऱ्या भगऱ्यांनाही लाखाच्या वर मतं गेली. अपक्षाला लाखभर मतं मिळवायला किती माणसं राबावी लागतात, ते प्रचारात फिरलेल्या कुणालाही विचारा.

मला यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते चित्र. यंत्रावर जो कागद लावतात त्यावर पक्षाचं नाव नसतं. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह, बस. आता इवल्याशा चौकोनात अख्खा माणूस बसवायचा म्हटल्यावर त्याच्या हातातली तुतारी काडीएवढी होणार. शेजारच्या कुणाच्या तरी चौकोनात मात्र नुसतं वाद्य, ठसठशीत. महिनाभर गावात तुतारीचा गजर ऐकून आलेली आजी कागदावर काय शोधेल? वाद्यच. तिला निष्काळजी म्हणायची माझी तयारी नाही. विधानसभेआधी निवडणूक आयोगाने त्या माणसाचं चित्र ठळक करायला मान्यता दिली, पण पिपाणी काही यादीतून हटवली नाही.

शिरीषकाका शाळेत शिक्षक होते, निवडणुकीची ड्युटी त्यांनी वर्षानुवर्षं केली. ते म्हणाले, "मंदार, कागदी मतपत्रिकेवर मारायचा तो फुलीचा शिक्का आठवतो? बाण असलेला, स्वस्तिकासारखा वळलेला. तो तसा का होता माहितीये? मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या नावावर उमटायची. पण शिक्का एकाच दिशेला वळलेला, त्यामुळे उमटलेला ठसा उलटा दिसायचा. मोजताना बघितलं की लगेच कळायचं, खरं मत कुठलं आणि डाग कुठला. माणूस घडी चुकीची घालणार हे आधीच धरून तो केला होता."

मी हेच म्हणतोय. माणूस चुकणार हे धरून कागद करायचा.

मंदार म्हणे हे आपल्याकडचेच लाड. तेव्हा प्राचीने अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीतलं फ्लोरिडा काढलं. पाम बीच काउंटीत उमेदवारांची नावं मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंना छापली आणि मत द्यायची भोकं मधोमध एका रांगेत. डावीकडे अल गोर यांचं नाव वरून दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचं. त्यांना त्या एका काउंटीत ३,४०७ मतं मिळाली आणि बुश अख्खं राज्य ५३७ मतांनी जिंकले. शिकल्यासवरलेल्या लोकांचा देश, मंदारसाहेब.

मग ती नावांच्या क्रमावर घसरली. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रम फिरवून छापतात, म्हणजे वरच्या नावाचा फायदा एकालाच मिळत नाही. आपल्याकडे आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. तिला क्रम फिरवायला हवा. काकांनी साफ नाही म्हटलं. "तीन नंबरचं बटण" एवढंच लक्षात ठेवून येणारे लोक आहेत, त्यांची पंचाईत होईल. मी काकांच्या बाजूचा. आपल्याकडे एका यंत्रावर जेमतेम १६ बटणं. पुण्यात ३५ उमेदवार होते, म्हणून टेबलावर तीन यंत्रं ओळीने मांडलेली. शिरूरला ३२, म्हणजे दोन यंत्रांत चपखल बसले असते, पण नोटासाठी तिसरं लावावं लागलं. एवढ्या पसाऱ्यात नंबर हाच कित्येकांचा आधार असतो.

२०२५ मध्ये आयोगाने रंगीत फोटो, त्यात तीन चतुर्थांश जागेत चेहरा, आणि ठळक मोठे अनुक्रमांक असे बदल केले. चांगलंच आहे. पण मला हवंय ते वेगळं. कागद छापायच्या आधी तो दहा-वीस म्हाताऱ्या माणसांसमोर धरा आणि विचारा, अमुक चिन्ह कुठंय?

"वेळ कुठाय?" मंदार उसळला. "पुण्यात अर्ज मागे घ्यायची मुदत २९ एप्रिलला संपली आणि मतदान १३ मेला. त्यात छपाई, यंत्रं तयार करणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. चाचणी कधी घेणार?"

"उमेदवारांची नको घेऊ," काका म्हणाले. "चिन्हांची घे. मुक्त चिन्हांची यादी आयोगाकडे कितीतरी आधी तयार असते. पक्षांची राखीव चिन्हं एका बाजूला, मुक्त चिन्हं दुसऱ्या बाजूला, छापायच्या मापात, काळ्या-पांढऱ्यात ठेवायची. जी गफलत करतील ती तेव्हाच बाद."

"आणि ज्या अपक्षाला खरंच पिपाणी हवीय, त्याचं काय?"

"त्याला बादली घेऊ दे की," प्राची म्हणाली. "त्याचा कार्यक्रम बादलीवरही तोच राहील."

यावर मंदार गप्प बसला नाही, पण चिन्हांच्या यादीची चाचणी घ्यायला हरकत नाही, एवढं त्याने मान्य केलं.