हिमोफिलियावाल्या पोराला घरी बसवा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला, मग तोच शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, मग ठाण्याच्या नणंदेकडून, म्हणजे एका दिवसात तीनदा. त्यात काय होतं तर हिमोफिलिया असलेल्या मुलाला साधं खरचटलं तरी दहा मिनिटांत जीव जातो, म्हणून अशा मुलांना शाळेत पाठवू नका, खेळू देऊ नका. हा आजार आईच्या घराण्यातूनच येतो आणि फक्त मुलग्यांना होतो. आणि रोज डाळिंबाचा नि दुर्वांचा रस दिला की सहा महिन्यांत मुळापासून जातो. खाली हात जोडलेले चार इमोजी. माझा मुलगा चौथीत आहे, सिव्हिअर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ त्याच्यात नॉर्मलच्या एक टक्क्याहून कमी. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

पहिलं ते खरचटण्याचं. यांचं रक्त काही नळ सोडल्यासारखं वाहत नाही हो, तुमच्याआमच्या वेगानेच येतं, फक्त थांबायला वेळ लावतं. खरचटलं तर धुवायचं, दाबून धरायचं, बँडेड लावायचं, पोरगं परत खेळायला. डोक्याला, मानेला किंवा पोटात मार लागला तर मात्र वेगळं, तिथे वरून काही दिसो न दिसो, वाट बघायची नाही, लगेच शिरेतून फॅक्टरचं इंजेक्शन आणि हॉस्पिटल. पण या फॉरवर्डचा मला खरा राग यासाठी आहे की तो सगळ्यांना रक्त बघायला शिकवतो, आणि आमच्या पोरांचं रक्त बहुतेक वेळा दिसतच नाही, ते आत सांध्यात होतं, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात.

मागच्या वर्षी पीटीच्या तासाला हा सरांना म्हणाला, सर, गुडघ्यात सोडा उघडल्यासारखं होतंय. सरांनी बघितलं, ना जखम ना सूज, म्हणाले नाटकं नकोत, दोन राऊंड मार. याने मारले. साडेबाराला मी घ्यायला गेले तर गुडघा गरम, युनिफॉर्मच्या पॅन्टमध्ये टम्म, पाय सरळ होईना, रिक्षात उचलून बसवला. पंधरा दिवस शाळा बुडाली. आणि एकाच सांध्यात असं परत परत झालं की आतली कूर्चा झिजते, मग तो सांधा कायमचा धरतो, विशी-पंचविशीत काठी घेऊन चालणारी मुलं मी ओपीडीत बघितलीयेत. सरांवर चिडले होते, नाही म्हणत नाही, पण त्यांना सांगितलं कोणी होतं? मी ॲडमिशनच्या फॉर्मवर एक शब्द लिहिला होता, हिमोफिलिया, आणि समजले की झालं माझं काम.

मग स्टाफरूममध्ये अर्धा तास मागून घेतला. सरांना, वर्गाच्या बाईंना आणि मुद्दाम मावशींना बसवलं, कारण पोर पडलं की पहिल्या धावतात त्या मावशीच. तो मुंग्या येतायत, गरम वाटतंय, आवळतंय म्हणाला की ते खरं धरायचं, सूज यायची वाट बघायची नाही. बसवायचं, बर्फ, क्रेप बँडेज, पाय वर, मला फोन. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल पण ॲस्पिरिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम नाही, त्याने रक्त थांबायला अजून त्रास होतो. आणि मला न विचारता दंडात-कमरेत इंजेक्शन नाही. सगळ्यात कामाचा प्रश्न मावशींचाच होता, मॅडम बर्फ ठेवायचा कुठे? आता कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये त्याच्या नावाची पट्टी लावलेला आईसपॅक असतो.

शाळेत पाठवू नका म्हणे. अहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ प्रकारची दिव्यांगता आहे त्यात हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आणि सिकल सेलही आहे, आणि शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, खेळाची संधीही बरोबरीने द्यायची असं त्यात लिहिलंय. पोहणं, सायकल यांना चांगलंच, स्नायू मजबूत असले की सांधा सांभाळला जातो. आता ठाण्याच्या हंडीत थरावर चढवायला मी पाठवणार नाहीये, कबड्डी आणि बॉक्सिंगही नाही, पण म्हणून काय खिडकीत बसवून ठेवू? सोम-बुध-शुक्र सकाळी सहाला त्याचे बाबा शीर शोधून फॅक्टर देतात, नर्सकडून शिकलेत, फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी बॉक्स असतो. हे आधीच देऊन ठेवलं की ब्लीड खूप कमी होतात.

आईच्या घराण्याचं वाक्य वाचून मात्र पोटात कालवलं. निदान झालं तेव्हा हेच ऐकलंय मी, तुमच्या माहेरचं दिसतंय. माझ्या माहेरी तीन पिढ्यांत कोणाला नाही. साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये घरात आधी कोणालाच नसतो, जीनमध्ये नव्याने बदल होतो. आणि बाप हिमोफिलियाचा असेल तर त्याची प्रत्येक मुलगी कॅरिअर असते, म्हणजे तो बिघडलेला जीन तिच्यात येतो, मुलग्यांत येत नाही, मग ते कोणाच्या घराण्यातून म्हणायचं? मुलींना होत नाही हेही चूक, कॅरिअर मुलींचाही फॅक्टर कमी असू शकतो, आणि फॉन विलेब्रांड नावाचा असाच रक्त लवकर न थांबण्याचा आजार तर मुलगे-मुली दोघांना होतो. पाळीत सात-आठ दिवस पॅडवर पॅड बदलणाऱ्या किती जणींना आमच्या घरात सगळ्यांना असंच असतं म्हणून गप्प केलं जातं, त्यातल्या काहींना तपासणीची गरज असते. परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे अशा तपासण्या होतात, ठाण्याहून एक लोकल.

रसाबद्दल काय लिहू? जो फॅक्टर शरीर बनवतच नाही तो डाळिंबात कुठून येणार.

फॉरवर्ड टाकणाऱ्या काकू आमच्याच विंगच्या, ग्रुपवर भांडायचं नव्हतं म्हणून खाली जाऊन भेटले. सगळं ऐकून त्या ओशाळल्या, म्हणाल्या मला वाटलं तुझ्या उपयोगाचं आहे म्हणून टाकलं गं. मग आत जाऊन दोन डाळिंबं घेऊन आल्या, आणलीच होती बघ त्याच्यासाठी, देऊ का, चालतील ना? म्हणलं काकू, चालतील की, त्याला आवडतात, फक्त सोलून द्या.