वादळ मुशींना किनाऱ्याशी आणत नाही

गळाने मासे धरणाऱ्या वाशी-बेलापूरकडील हौशी मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. वादळात मोठ्या मुशी (म्हणजे शार्क) उथळ पाण्यात येतात, फ्लोरिडात याच हंगामात लोक त्या किनाऱ्यावरून ओढतात, जून-जुलैत बोटी बंद असल्याने आपणही उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर गळ टाकावा आणि बंदी बोटींपुरतीच असल्याने त्यात बेकायदा काही नाही, असा त्याचा आशय आहे.

यातला पहिला दावा वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. सप्टेंबर 2001 मध्ये गॅब्रिएल हे वादळ फ्लोरिडाकडे येत असताना टेरा सिया उपसागरातील ब्लॅकटिप शार्कच्या पिल्लांना संशोधकांनी आधीच ट्रान्समीटर बसवलेले होते. हवेचा दाब उतरू लागताच ती पिल्ले उथळ पाणी सोडून खोल पाण्यात गेली आणि वादळ ओसरल्यावर परतली. 2017 च्या इर्मा वादळात मायामीजवळच्या बिस्केन उपसागरातून मोठ्या शार्कही अशाच बाहेर पडल्या. 2016 च्या मॅथ्यू वादळात बहामातील टायगर शार्क मात्र हलल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे; पण तिथेही त्यांची संख्या वाढलेली दिसली ती वादळ सरल्यानंतर.

फ्लोरिडाचा दाखलाही फसवा आहे. तिथला वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा असून त्यात प्रत्यक्ष वादळाचे दिवस मोजकेच असतात. शिवाय त्याच राज्याच्या पूर्व किनाऱ्यालगत ब्लॅकटिप शार्कचे प्रचंड थवे येतात ते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे वादळांचा हंगाम संपल्यावर.

आपल्याकडे तर मुळात चक्रीवादळे येतात ती पावसाळ्याच्या तोंडावर किंवा तो सरल्यावर, भर पावसाळ्यात क्वचितच. फयान नोव्हेंबर 2009 मध्ये आले, तौक्ते मे 2021 मध्ये, आणि निसर्ग 3 जून 2020 रोजी, पावसाळ्याच्या अगदी तोंडावर. जुलैत असते ते पावसाळी उधाण, आणि ते गळाला साथ देत नाही. मागच्या जुलैत पिरवाडीला मी दीडशे ग्रॅम शिसे लावून गळ टाकला होता. पाच मिनिटांत लाटांनी शिसे बाजूला वाहून नेले आणि तंगूस (गळाची दोरी) ओढला तेव्हा त्याला प्लास्टिकच्या पिशव्या आणि जाळ्याचा तुटका तुकडा लोंबत होता. भरती साडेचार मीटरच्या वर जाते त्या दिवशी तर गुडघाभर पाण्यात उभे राहणेही जिवावर बेतू शकते.

संदेशातील 'मोठ्या मुशी' हाही वेगळाच प्रश्न आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळणींच्या टोपलीत जी मुशी दिसते ती करड्या पाठीची, चपट्या टोकदार नाकाची, शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर काचपेपरासारखी खरखरीत लागणारी असते, आणि पूर्ण वाढूनही साधारण दोन फुटांचीच भरते. मोठी शार्क आपल्याकडे नाहीच असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मनोरजवळ, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, वैतरणा नदीत शिरलेल्या बुल शार्कने एका तरुणाच्या पायाचा चावा घेतला होता. ती आली तेव्हा ना वादळ होते, ना पाऊस.

कायद्याबाबतचा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो मला सर्वांत घातक वाटतो. 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक बोटींसाठी आहे आणि किनाऱ्यावरच्या गळाला ती लागू होत नाही, हे बरोबर. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा बोट आणि किनारा असा भेद करत नाही. व्हेल शार्क, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क आणि करवत मासा यांना 2001 पासून या कायद्याचे संरक्षण आहे, आणि पाँडिचेरी शार्क इतर करड्या शार्कांपासून वेगळी ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. रात्री, पावसात, विजेरीच्या उजेडात हौशी माणसाला ते कसे जमावे? ज्या फ्लोरिडाचे कौतुक चालले आहे, तिथेही जुलै 2019 पासून किनाऱ्यावरून शार्क धरण्यासाठी परवाना सक्तीचा आहे, किनाऱ्यावरून पाण्यात आमिष ओतण्यास मनाई आहे, आणि संरक्षित जातीची शार्क गळाला लागलीच तर तिला वाळूवर न ओढता पाण्यातच सोडावे लागते.