यूएसबीगार्डच्या त्या दोन ओळी पुसू नका रे भो!

जळगाव-धुळ्याकडच्या लॅबवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. अमळनेरला अभ्यासिकेतले लिनक्सचे पीसी सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याचा 'मामा, करून टाकू का?' असा फोन आला, म्हणून हे लिहितोय. यूएसबीगार्ड म्हणजे अनोळखी पेनड्राइव्ह वगैरे यूएसबी उपकरणं अडवणारा लिनक्सचा प्रोग्राम. मेसेज म्हणतो, त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या परवानगीच्या दोन ओळी, यूजरची आणि ग्रुपची (यूएसबीगार्डला हुकूम कोण देऊ शकतो ते या ओळी ठरवतात), एकमेकींना नडतात. दोन्ही रिकाम्या करा, मग रूट (मशीनचा मुख्य मालक-यूजर) सोडून कुणालाच हात लावता येत नाही.

अरे, नेमकं उलटं आहे! यूएसबीगार्डच्या रीडमीमध्येच (सोबत येणाऱ्या माहितीच्या फाइलीत) इशारा दिलाय, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या मार्गदर्शिकेतही आहे: परवानगीची यादी, म्हणजे या ओळी, कोरी सोडली तर मशीनवरचा कुठलाही यूजर उपकरणांची परवानगीही बदलू शकतो आणि नियमही. म्हणजे ब्लॉक झालेला पेनड्राइव्ह लावून पोरगं 'यूएसबीगार्ड लिस्ट-डिव्हाइसेस' मारणार, 7 नंबर दिसला की 'अलाउ-डिव्हाइस 7'. झालं काम. त्यात 'वजा पी' (-p) जोडलं की नियम कायमचा फाइलीत. सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) नको, पासवर्ड नको. मग यूएसबीगार्ड टाकलंच कशाला?

दोन ओळींनी गोंधळ होतो, एवढं मान्य. पण त्या भांडत नाहीत. दोन्हींत फक्त 'याला येऊ द्या' लिहिता येतं, 'नको' लिहायची सोयच नाही. कुठल्याही एकीत नाव बसलं की आत. यूजरच्या ओळीतून पोराचं नाव काढलंत, पण ग्रुपच्या ओळीत 'व्हील' (अ‍ॅडमिन लोकांचा ग्रुप) आहे आणि तो व्हीलमध्ये आहे, तर तो येणारच. त्याला व्हीलमधून काढा, नाहीतर ग्रुपची ओळ मोकळी करून यूजरच्या ओळीत 'रूट' राहू द्या. एक ओळ रिकामी चालते हो, दोन्ही नाही.

मेसेजमध्ये पुढे यूजरचे ग्रुप बदलायची कमांड 'यूजरमॉड वजा मोठा जी' (usermod -G) दिलीय. सोबत छोटा ए (-a) नसेल तर यूजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर, सुडोच्या ग्रुपसकट. एकुलत्या एक अ‍ॅडमिनवर चालवलं तर बसा बोंबलत.

यूएसबीगार्डच्या फाइलींना 777 (सगळ्यांना सगळं मोकळं) द्या, म्हणे! फाइल 0600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल) पेक्षा मोकळी असेल तर यूएसबीगार्डच्या नव्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत.

ज्यांनी ओळी आधीच पुसल्यात, त्यांनी यूजरच्या ओळीत 'रूट' परत लिहा, सेवा रीस्टार्ट करा आणि नियमांची फाइल उघडून बघा, मधल्या काळात कुणी काय कायमचं अलाउ करून ठेवलंय ते.