मेळावा भरवताय? मग आधी फ्लेक्सवाल्याला गाठा

तर तुमचं ठरलंय. आपल्या प्रभागातल्या लोकांसाठी कायतरी करायचं, सगळी सरकारी खाती, बँका, दवाखाने, बचत गट, संस्था एका मंडपात आणायच्या आणि लोकांना दहा ठिकाणी हेलपाटे नकोत म्हणून एकाच ठिकाणी उन्हात उभं करायचं. अभिनंदन! कल्पना नवीन नाहीये, सरकारनंच 2023 साली 'शासन आपल्या दारी' काढलं होतं आणि तेव्हा माणसं एसटीत भरभरून त्या दारापर्यंत नेली होती, त्यामुळे दार नक्की कोणाचं असले प्रश्न तुम्ही डोक्यात घेऊ नका. आमच्या पुण्यातल्या उपनगरात असे मेळावे मी इतके बघितलेत की आता मांडव बघूनच सांगतो आत कुठलं टेबल बंद असणार. म्हटलं तुम्हाला दोन शब्द सांगावेत, फुकटात.

पहिलं काम फ्लेक्स. तहसीलला पत्र, महापालिकेत परवानगी, आधारच्या मशीनवाल्याची तारीख, हे सगळं नंतर. फ्लेक्सवर वरच्या ओळीत दिल्लीचे फोटो, मग मुंबईचे, मग जिल्ह्याचे, मग तुमचा (हात जोडलेला, थोडा मोठा), खाली शुभेच्छुक म्हणून पस्तीस पोरं गॉगल लावून. जी जागा उरेल तिथे योजनांची नावं. येताना कोणती कागदपत्रं आणायची ते मात्र अजिबात छापू नका. विचार करा ना, लोक आधार, रेशनकार्ड, लाईटबिल, फोटो सगळं घेऊन आले तर त्यांचं काम होईल, काम झालं की ते घरी जातील आणि मग प्रमुख पाहुणे येतील तेव्हा खुर्च्या रिकाम्या. गर्दी टिकवायची तर प्रत्येकाचा एक कागद कमी पडलाच पाहिजे.

वेळ सकाळी 10 छापा. पाहुणे 1 वाजता येतात. मधले तीन तास ध्वनिक्षेपक चालू ठेवा, टेबलं नाही. दीपप्रज्वलनाआधी मशीन सुरू करणं बरं दिसत नाही.

आत शिरल्या शिरल्या नोंदणीचं टेबल. हे टेबल चालतंच, याला नेट लागत नाही. नाव, मोबाईल नंबर, कुठली सोसायटी, घरात मतदार किती, एवढं रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचं आणि हातात एक टोकन द्यायचं. टोकन कशाचं ते विचारलं तर "पुढे सांगतील" म्हणायचं. खरं तर अख्खा मेळावा याच टेबलासाठी आहे, बाकीची टेबलं त्याच्या शोभेला. आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं निवडणुकीचा पत्ता नव्हता, त्या काळात या रजिस्टरांनी इच्छुक लोकांची किती सोय केली म्हणून सांगू!

मग बीपी. नर्सिंगच्या पोरी बसवा. तीन तास उन्हात थांबलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच असतं, त्यामुळे शेजारीच खाजगी हॉस्पिटलचा स्टॉल असू द्या, ते लगेच सवलतीचं कार्ड देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला "सर तुमचा रिपोर्ट थोडा काळजीचा वाटतोय" म्हणून फोनही करतात. पुढे पाण्याच्या फिल्टरवाला, विमावाला, प्लॉटवाला. प्लॉटवाला कशाला असं मीही एकदा विचारलेलं. मांडवाचं बिल त्यानं दिलं होतं.

आता नाजूक विषय. काही टेबलं चुकून उपयोगी निघतात, त्यांचा बंदोबस्त आधी करायला लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला बोलावलंत तर एक तरुण वकील मुलगी पत्रकांचा गठ्ठा घेऊन वेळेच्या आधी येऊन बसेल. ही मंडळी धोकादायक. 1987 च्या कायद्यानं बाईमाणसाला, मुलांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो आणि 15100 वर फोन केला तरी सल्ला मिळतो, हे जर चार बायकांना नीट कळलं तर त्या उद्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, कदाचित तुमच्याच बिल्डर मित्राच्या नावानं अर्ज घेऊन उभ्या राहतील. म्हणून तिचं टेबल स्पीकरच्या बरोबर पुढे लावा. मी बघितलंय, एक बाई डोळ्याला पदर लावून काहीतरी सांगत होती आणि ती वकील मुलगी कानामागे हात धरून "काय? काय म्हणालात?" करत होती आणि वरून गाणं चालू होतं ढोल-ताशाचं. शेवटी बाईनं नुसतं पत्रक घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि वडापावच्या लाईनीत गेली. इतकं परफेक्ट नियोजन सगळ्यांना जमत नाही.

मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाईंनाही बोलवा, पण कोपऱ्यात. नवीन नावाला 6 नंबरचा फॉर्म, नाव काढायला 7, पत्ता बदल आणि दुरुस्तीला 8, हे त्या शंभरदा सांगतात बिचाऱ्या. तुम्ही तिन्ही फॉर्मचा एकच गठ्ठा करून वाटा.

आणि सेवा हक्क कायदा? ते नाव स्टेजवरून घेऊ नका. 2015 पासून महाराष्ट्रात कायदा आहे की यादीत जाहीर केलेली (अधिसूचित) सेवा ठरलेल्या दिवसांत मिळालीच पाहिजे, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस, नाही मिळाली तर अपील, त्यावर दुसरं अपील आणि कसूर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. कुठल्या सेवेला किती दिवस याचा बोर्ड ऑफिसात लावायला लागतो, तो बहुतेक कपाटामागे असतो. हे लोकांना समजलं तर दाखला हा त्यांचा हक्क होईल, मग तुम्ही तो 'मिळवून दिला' असं कसं म्हणणार? उपकार करायला काहीतरी शिल्लक ठेवा राव.

त्यावरून आठवलं, वाटप. मेळाव्याचा आत्मा म्हणजे 'प्रातिनिधिक स्वरूपात वाटप'. त्यासाठी महिनाभर आधी तयार झालेले दाखले, कार्डं, मंजुरीची पत्रं ऑफिसातच थांबवून ठेवायला सांगा. पोराचं कॉलेज ॲडमिशन अडलं असेल तर अडू द्या, स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते घेण्याची मजा वेगळी. पाच जणांना बोलवायचं, त्यात एक आजी हवीच, एक कडेवर पोर असलेली बाई, एक कुबडीवाले काका. फोटो झाला की खाली उतरल्यावर कागद परत घ्या, सही राहिलीय म्हणून. उरलेल्यांना "आपापल्या टेबलावरून घ्यावेत ही विनंती". टेबलावर तोवर जेवणाची सुट्टी.

बचत गटाच्या ताईंना पापड-लोणच्याचा स्टॉल द्या, पण पाहुण्यांच्या गाडीला जागा करायला लागली की तोच आधी हलवायचा. कचरावेचक ताईंना मात्र टेबल नको. त्या रोज प्रत्येक दारात जातात, कुठल्या घरात आजारी माणूस एकटं पडलंय, कुठली पोर शाळेत जायची बंद झाली, त्यांना सगळं ठाऊक असतं, त्यांना बोलायला बसवलंत तर दोन तासात खरी यादी तयार होईल आणि मग तेवढी कामं करत बसावी लागतील. त्यांना संध्याकाळी बोलवा, द्रोण-पत्रावळ्या उचलायला.

राहता राहिली काकूंसारखी माणसं. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, वय बहात्तर, तीस-एक वर्षं लोकांची धुणीभांडी केली. त्यांना कोणीतरी सांगितलं की वय 70 किंवा त्याच्या वर असलं की उत्पन्न न बघता 5 लाखापर्यंत उपचाराचं आयुष्मान कार्ड निघतं, ऑक्टोबर 2024 पासून. आल्या पिशवी घेऊन. कार्डाच्या टेबलावर पोरगा म्हणाला, आजी ओटीपी येईना, आधारला मोबाईल लिंक नाही, त्या टेबलावर जा. आधारच्या टेबलावर मशीनवर बोट ठेवलं. नाही लागलं. दुसरं बोट. नाही. पोरानं ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं, मग काकूंनीच पदराला घासलं, लाल दिवा जाईना. तीस वर्षं राखेनं आणि पावडरीनं भांडी घासलेली बोटं ती, रेघा राहिल्यात कुठे. मग डोळ्याचं मशीन, "आजी डोळे मोठे करा, अजून मोठे", मोतीबिंदू. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कार्ड पाहिजे होतं.

अशा वेळी गडबडून जायचं नाही. काकूंना स्टेजवर घ्यायचं, पाहुण्यांच्या हातून छत्री द्यायची. आमच्या मेळाव्यात तसंच केलं, फोटो तर इतका भारी आला, काकू हसतायत, पाहुणे वाकलेत, मागे कमळं आणि फुगे. संध्याकाळी प्रेसनोट गेली. लाभार्थी मोजायची पद्धतही शिकून घ्या, एक माणूस सहा टेबलांवर फिरला तर सहा लाभार्थी, वडापाव घेतला तर सात. हिशोबानं काकू एकट्या पाच भरल्या, छत्री धरून.

यावर्षी परत मेळावा होता. चौकात वीस फुटी फ्लेक्स, 'गतवर्षीच्या यशानंतर', आणि मधोमध काकूंचा छत्रीवाला फोटो. काकू परत आल्या, तीच पिशवी. आधारच्या टेबलावर नवीन पोरगा होता, त्यानं बोट ठेवायला सांगितलं, लाल दिवा, परत ठेवा, लाल दिवा. "ओळख पटत नाही आजी," तो म्हणाला. काकूंनी त्याला बाहेरचा फ्लेक्स दाखवला. म्हणाल्या, "ती बघ, ती मीच. आता तरी पटते का?"

पोरानं एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा मशीनकडे. मग म्हणाला, "नेक्स्ट."