चळवळ नको, अर्धं टेबल द्या

मराठी पुस्तकांवरचा कुठलाही परिसंवाद घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वक्त्यापर्यंत एक तक्रार येतेच: तरुण मुलं वाचत नाहीत, ती मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, मार्व्हल आणि के-पॉपच्या नादी लागली आहेत. पाठोपाठ आवृत्ती हजारावरून तीनशेवर आल्याचं दुःख. टोकियोत राहून असे परिसंवाद मी यूट्यूबवर थेट ऐकते. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे दादरचा संध्याकाळचा कार्यक्रम माझ्या रात्रीच्या भांड्यांशी बरोबर जुळतो. भांडी संपतात, तक्रार संपत नाही.

ह्या तक्रारीत नाद वेगळा आणि वाचन वेगळं असं धरून चाललेलं असतं. मला ते पटत नाही. पुस्तकं आजवर जगवली ती नादिष्ट माणसांनीच. मुंबईत अशा माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. त्यांना मांडून बसायला जागा मिळत नाही, एवढंच.

टोकियोत ती जागा वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि डिसेंबरात मिळते. बिग साइट नावाच्या अवाढव्य प्रदर्शन केंद्रात कॉमिक मार्केट भरतं. सगळे त्याला कॉमिकेट म्हणतात. नाव कॉमिकचं असलं तरी लोकांनी पदरचे पैसे घालून छापलेलं काहीही तिथे विकायला असतं: आवडत्या मांगातल्या पात्रांच्या नव्या कथा, कादंबऱ्या, लष्करी गणवेशांवरचे अभ्यास, आडगावच्या रेल्वे स्थानकांची वर्णनं. ह्या पुस्तिका म्हणजे दोजिन्शी आणि त्या काढणारा गट म्हणजे सर्कल. सर्कल एकट्या माणसाचंही चालतं. करोनाच्या तोंडावर, डिसेंबर २०१९मध्ये, चार दिवसांत साडेसात लाखांची हजेरी लागली होती.

आपल्याकडचे लोक हा आकडा ऐकून डोळे मोठे करतात. मला त्या आकड्यापेक्षा टेबलाचं कौतुक आहे. एका सर्कलला अर्धं लांब टेबल मिळतं. शेजाऱ्याचं कोपर लागेल इतकी दाटी. त्या अर्ध्या टेबलावर काय मांडायचं ह्याची निवड कुठलीही समिती करत नाही. कायद्यात बसतंय ना, एवढं बघतात, एक नमुना प्रत आयोजकांकडे जमा होते आणि काम झालं. अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. म्हणजे नंबर लागला नाही तर दोष नशिबाचा, तुमच्या लेखणीचा नाही. विकणारे, घेणारे आणि रांगा सांभाळणारे हजारो स्वयंसेवक ह्या सगळ्यांना आयोजकांच्या लेखी एकच दर्जा असतो, सहभागी. ग्राहक तिथे कुणीच नाही. छपाईची व्यवस्थाही ह्याच मापाची. फक्त दोजिन्शी छापणारे छापखाने आहेत. ते तीस-पन्नास प्रतींची ऑर्डर हसत घेतात, फाइल लवकर दिली तर सवलत देतात आणि गठ्ठे थेट तुमच्या टेबलापाशी पोचवतात.

हे सगळं सुरू झालं २१ डिसेंबर १९७५ला. मांगावर समीक्षा लिहिणाऱ्या काही तरुणांचं तेव्हाच्या बड्या मांगा मेळाव्याशी बिनसलं आणि त्यांनी आपला वेगळा बाजार मांडला. बत्तीस सर्कल आणि सहाशे-सातशे माणसं, एवढाच तेव्हाचा पसारा.

त्याच सुमाराची मुंबई बघा. दादरला छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं चालू होती. ग्रंथाली वाचकांची चळवळ म्हणून उभी राहत होती. पुढे १९७८मध्ये तिनंच दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन काढलं. १९७६मध्ये अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा ह्या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाखाली आपली पुस्तकं आपणच काढायला घेतली, आणि पाठोपाठ अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’नं कोलटकरांची मराठी कविता छापली. त्याआधी १९५५च्या ‘शब्द’पासून सायक्लोस्टाइल केलेल्या अनियतकालिकांची वीस वर्षं होतीच. स्वतः लिहा, स्वतः छापा, स्वतः विका हे आपल्याला जपान्यांनी शिकवायची गरज नव्हती. गिरगाव ते दादर एवढ्या पट्ट्यात सगळं घडत होतं, आणि माझ्या मते तेव्हाच्या टोकियोपेक्षा दमदार घडत होतं.

मग पन्नास वर्षांत झालं काय? आपण त्याची चळवळ केली, त्यांनी बाजार केला. चळवळीला भूमिका लागते, कार्यकर्ते लागतात, आणि कार्यकर्ते सत्तरीला आले की पुढची पिढी का येत नाही ह्यावर परिसंवाद लागतो. बाजाराचं भागतं पुढच्या तारखेवर.

चळवळीला मी हलकं लेखत नाही. ‘बलुतं’ कॉमिकेटच्या टेबलावर जन्माला आलं नसतं. तिथल्या मालाचा मोठा हिस्सा लोकप्रिय पात्रांच्या प्रेमप्रकरणांचा असतो आणि त्यातलाही बराचसा प्रौढांसाठीचा. उद्या माझा भाचा आला तर कुठल्या दालनात वळायचं नाही हे मला आधी नकाशावर बघून ठेवावं लागेल. बरीच सर्कलं तोट्यातच असतात. जपान म्हणजे वाचकांचं नंदनवन हा आपल्याकडचा समज तर साफ खोटा. इथल्या चौथ्या हिश्शाहून जास्त नगरपालिकांच्या हद्दीत पुस्तकाचं एकही दुकान उरलेलं नाही, आणि २०२४मध्ये सरकारला दुकानं वाचवण्यासाठी खास गट नेमावा लागला. प्रतिष्ठाही आयती मिळाली नाही. १९८९च्या एका खुनांच्या प्रकरणानंतर इथल्या माध्यमांनी मांगावेड्या पोरांना जवळजवळ गुन्हेगारांच्या रांगेत बसवलं, आणि १९९१मध्ये टोकियोजवळच्या माकुहारीच्या प्रदर्शन केंद्रानं कॉमिकेटला जागाच नाकारली. तरी पुढची तारीख ठरली, दुसरीकडे टेबलं लागली.

गंभीर साहित्यवाल्यांनाही शेवटी ह्या टेबलाशीच यावं लागलं. एइजी ओत्सुका ह्या समीक्षकानं सुचवल्यावरून २००२मध्ये बुनगाकु फुरिमा नावाचा साहित्याचा बाजार सुरू झाला. टोकियोतला हा बाजार डिसेंबर २०२४पासून त्याच बिग साइटमध्ये भरतो. कवी स्वतःच्या संग्रहामागे बसलेले असतात आणि सुटे पैसे मोजून देत असतात. त्यांच्याभोवती सत्काराचा नारळ घेऊन कुणी उभं नसतं.

आता मुंबईच्या नादिष्टांकडे येते. आमच्या टोकियोच्या ऑफिसात हिशेब खात्यात एक जपानी गृहस्थ आहेत. दिवसभर मान खाली घालून काम करतात आणि सुट्टीत जगभरच्या लोकल गाड्यांवर पुस्तिका काढतात. त्यांची एक पुस्तिका मुंबईवर आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकदिश, विजेवर धावली, आणि एप्रिल २०१६मध्ये शेवटची डीसी लोकल धावली तीही हार्बरवरच. मधल्या एक्क्याण्णव वर्षांचा हा जपानी आढावा, हातानं काढलेल्या आकृत्यांसह. इंडिकेटरवरची देवनागरी तपासायला त्यांनी ती माझ्याकडे आणली होती. ‘मुंबईत ह्यावर अशा पुस्तिका भरपूर असतील ना?’ त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

कारण परळला आमच्या चाळीत एक काका होते. पोस्टात नोकरी, पण जीव सगळा रेल्वेत. लोकलचा रेक जेसॉप कंपनीचा की बीएचईएलचा हे ते गॅलरीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, पुढे सिमेन्सच्या गाड्या आल्यावर त्यांचा आवाजच आवडत नाही म्हणून रुसून बसले होते. त्यांनी एक ओळ कधी लिहिली नाही. लिहून द्यायचं तरी कुणाकडे? वर्तमानपत्राला तेवढा तपशील नको असतो, प्रकाशकाला दोनशे पानं हवी असतात. चाळीस पानांचं ज्ञान असलेल्या माणसासाठी मराठीत आज दारच नाही. तो फार तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो आणि ते तीन दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.

असे काका गल्लोगल्ली आहेत. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० टाइम्सच्या समूहानं मुंबईतूनच काढली. वेताळाचे, म्हणजे फँटमचे, जुने मराठी अंक प्लास्टिकच्या पिशवीत जपणारे, कुठल्या अंकाचं मुखपृष्ठ कुणी काढलं हे तोंडपाठ असणारे लोक मला माहीत आहेत. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचा हिशेब ठेवणारे आहेत. नारायण धारपांच्या भयकथांवर रात्रभर भांडणारे आहेत. आणि हा पोरखेळ म्हणून कुणी नाक मुरडणार असेल तर एक आठवण करून देते. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप ह्या अनोळखी माणसाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपली आद्याक्षरं उलटी करून ती पाठवली होती जयंत नारळीकरांनी. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ हौशी लेखकांच्या रांगेत टोपणनावानं उभा राहिला. बड्या नावासाठी राखलेली खुर्ची त्यांना सहज मिळाली असती.

माझा भाचा डोंबिवलीत बारावीला आहे. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डीमन स्लेयर’ ह्या जपानी मांगावरचा नवा सिनेमा लागला तेव्हा हा पहाटे उठून पहिल्या खेळाला गेला. ताई अजून धुमसते आहे, कारण क्लासला जाताना तो कधी असा उठलेला नाही. सिनेमा जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होता, मराठीत नव्हता. हा पोरगा स्वतः मांगा काढतो. त्याची गोष्ट घडते डोंबिवली स्थानकाच्या पुलावर, पात्रांची नावं मराठी, शिव्या अस्सल कल्याणच्या, आणि फुग्यांतले संवाद इंग्रजीत. मी विचारलं, असं का रे? ‘मावशी, मराठीत टाकलं तर बघणार कोण?’ परिसंवादात ह्याच वाक्याला भाषेचा ऱ्हास म्हणतात. मला त्यात साधा व्यवहार दिसतो. मुंबईत कॉमिक कॉन भरतो, झीनचे, म्हणजे हौशी छोट्या पुस्तिकांचे, फेस्टही झाले आहेत, पण दोन्हीकडचं चलन मुख्यतः इंग्रजी. मराठीतलं चलन जिथे चालतं तिथे ह्याला उभं करत नाहीत.

दिवाळी अंक आहेत की, असं कुणीतरी म्हणणारच. आहेत, आणि १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनच्या ह्या परंपरेचा मला अभिमान आहे. इथल्या साहित्यवेड्या लोकांना मी ती सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. पण दिवाळी अंक संपादक निवडतो आणि जाहिरातदार पोसतो. तिथे भाच्याचा नंबर लागला तरी ‘नवे हात’ अशा सदरात, पान एकशे ऐंशीवर.

म्हणून माझं मागणं लहान आहे. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात गाळा घ्यायचा तर अख्खा घ्यावा लागतो. पन्नास प्रती घेऊन आलेला माणूस तिथे काय करणार? एका कडेला टेबलांची रांग लावा आणि अर्धं-अर्धं भाड्यानं द्या. पुस्तकाचा आयएसबीएन नोंदणी क्रमांक विचारू नका, समीक्षकाचं पत्र मागू नका, सोडत काढा. संमेलनापर्यंत थांबायचीही गरज नाही. दादर-गिरगावात रविवारी रिकामी पडणारी शाळांची सभागृहं आहेत. मुंबईत जागा महाग आहे हे मला कळतं, परदेशात बसून सल्ले देणं सोपं आहे हेही चार वेळा ऐकून झालंय. पण भाडं दोनशे अर्ध्या टेबलांत वाटलं तर ते माणशी किती येईल ह्याचा हिशेब कुणी मांडलेला निदान मी तरी पाहिलेला नाही. शिवाय छोट्या प्रकाशकाला टपालाचा भरवसा नाही, हाताहात विकण्याची सोय हवी. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सेवा बंद केली, आणि मे २०२५मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ येईपर्यंत छोटी पुस्तिका टपालानं पाठवणं महागच पडत होतं.

सुमार माल येईल, ही भीती खरी आहे. येईलच. ढिगानं येईल. कॉमिकेटमध्येही ढीगच असतो. तिथली क्लॅम्प ही चित्रकर्तींची मंडळी आज जगभर वाचली जाते, तीही ह्याच दोजिन्शीच्या ढिगातून वर आली.

राहता राहिला हक्कांचा प्रश्न, आणि तो खरा अवघड. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. अर्नाळकर १९९६मध्ये गेले, म्हणजे त्यांचे झुंजार किंवा काळा पहाड हे नायक २०५६ सरेपर्यंत कुणाला हात लावायला नाहीत. जपानातही दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिणं कायद्यानं काही पवित्र नाही. पण बहुतेक हक्कदार छोट्या, हौशी छपाईकडे काणाडोळा करतात, काहींनी तर काय चालेल आणि काय नाही ह्याचे नियम लिहून जाहीर केले आहेत. मराठीत हे वारसांना आणि प्रकाशकांना एका पानात करता येईल: पन्नास प्रतींपर्यंत, हातानं विकायला, मूळ लेखकाचं नाव ठळक छापून, आमच्या पात्रांवर लिहायला हरकत नाही. पीडीएफ फिरवणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडण्यात जेवढी शाई जाते त्यापेक्षा ह्याला कमीच लागेल, आणि आपल्या पात्रांवर अजून कुणाचा जीव आहे ते त्या प्रकाशकाला टेबलामागे बसलेलं नावागावासकट दिसेल.