गॅरंटी सांगितली, हाती वॉरंटी ठेवली

मिक्सर विकताना दुकानदाराने मला एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते, "दोन वर्षांची गॅरंटी आहे, काका, निर्धास्त घेऊन जा." चौदाव्या महिन्यात शेंगदाण्याचे कूट करताना मोटारीतून जळका वास आला आणि यंत्र कायमचे गप्प झाले. ते पिशवीत घालून दुकानात नेले, तेव्हा त्याच गृहस्थांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून, मी चौथीतला विद्यार्थी असावा अशा सुरात समजावले की ही गॅरंटी नव्हे, वॉरंटी आहे. गॅरंटीत वस्तू बदलून मिळते, वॉरंटीत दुरुस्त करून मिळते. पैसे मोजून घेताना हे शब्दज्ञान कुठे गेले होते?

बरे, दुरुस्ती तरी फुकट व्हावी! सेवा केंद्रातल्या मुलाने कार्डाच्या पाठीवरचा, भिंगाशिवाय न दिसणारा मजकूर दाखवला: कपलर, कार्बन ब्रश, झाकणाचे रबर आणि भांडी यांना वॉरंटी लागू नाही. उरली मोटार, तर ती म्हणे 'चुकीच्या वापरामुळे' जळली. मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवणे हा चुकीचा वापर असेल, तर योग्य वापर म्हणजे तो ओट्यावर पुसून ठेवणे एवढाच उरतो.

संतापाच्या भरात मी कायदेच काढून बसलो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मधली 'गॅरंटी' म्हणजे दुसऱ्याने देणे बुडवल्यास ते आपण फेडण्याचा करार, ज्याला आपण जामीन राहणे म्हणतो; तिचा माझ्या मिक्सरशी काडीचाही संबंध नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १२ मधली 'वॉरंटी' ही मुख्य व्यवहाराला जोडलेली दुय्यम अट असून, ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. बदलून देणे म्हणजे हे आणि दुरुस्त करणे म्हणजे ते, अशी दुकानी वाटणी या दोन्ही कलमांत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर 'वॉरंटी किंवा गॅरंटी' असे दोन्ही शब्द शेजारी बसवतो, वस्तू बदलण्याचे वा दुरुस्त करण्याचे वचन वेगळे नोंदवतो आणि यांतले काहीही ठळकपणे दिशाभूल करणारे असेल तर त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो.

आणि हे शब्द तरी वेगळे कुठे आहेत? फ्रेंचच्या नॉर्मन बोलीत ज्या शब्दांचा आरंभ 'व'ने होई, त्यांचाच पॅरिसकडे 'ग'ने होई, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे ठेवून घेतली. वॉर्डन आणि गार्डियन ही तशीच एक जोडी. एकाच शब्दाच्या दोन उच्चारांमध्ये माझे साडेतीन हजार रुपये अडकले आहेत. मराठीत दोन्हींना 'हमी' म्हणतात, पण ती द्यायला कोणी तयार नसतो.

परवा दुसऱ्या दुकानात इस्त्री घेतली. या वेळी मी शहाणा होऊन बिलावर 'दोन वर्षांत बिघडल्यास बदलून देऊ' एवढे लिहून मागितले. मालकांनी हातातले पेन खिशाला लावले आणि हसून म्हणाले, "लिहायचं कशाला, काका? गॅरंटी आहे ना!"