‘मशीन वाढवा, मॉडेल कशाला?’ या दाव्याला उत्तर

“क्लाउडच्या काळात परफॉर्मन्स मॉडेलिंगची टूल्स कालबाह्य झाली. लोड टेस्ट करा, ऑटोस्केलिंग लावा, सीपीयूवर लक्ष ठेवा, झालं काम.” अशा आशयाचा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. (परफॉर्मन्स मॉडेलिंग म्हणजे सिस्टिम किती भार पेलेल आणि किती वेगाने उत्तर देईल याचा गणिताने आधीच काढलेला अंदाज; लोड टेस्ट म्हणजे मुद्दाम भार टाकून तो वेग मोजणं.) या क्षेत्रात नवीन आलेली मुलं तो खरा मानून चालतात याचं मला वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कमी पडलं तर ऑटोस्केलिंग मशीन वाढवेल, हा पहिला मुद्दा. वाढवेल, पण अडलंय कुठे? समजा, डेटाबेस एका वेळी 20च कनेक्शन देतो आणि प्रत्येक रिक्वेस्ट त्यातलं एक 50 मिलिसेकंद अडवून ठेवते. एका कनेक्शनवर सेकंदाला 20 रिक्वेस्ट निघतात, सगळ्यांवर मिळून 400. पुढे ॲप सर्व्हर चार असोत की चाळीस, सेकंदाला 450 रिक्वेस्ट येऊ लागल्या की रांग वाढतच जाणार. जास्त सर्व्हर म्हणजे त्याच दारापाशी जास्त गर्दी. हा हिशेब जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचा आहे (एका वेळी आत असलेल्या रिक्वेस्ट = त्या येण्याचा वेग × प्रत्येकीचा आत राहण्याचा वेळ), आणि मशीन कोणाच्या मालकीचं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

“सीपीयू 80 टक्क्यांवर आहे, म्हणजे 20 टक्के शिल्लक.” हा दुसरा. रांगेच्या अगदी साध्या मॉडेलमध्ये, म्हणजे एकच सर्व्हर, रिक्वेस्ट कशाही येणाऱ्या आणि प्रत्येकीचं कामही कमीजास्त, सरासरी 20 मिलिसेकंदांच्या कामाला 50 टक्के भारावर रांगेत थांबण्यासकट सरासरी 40 मिलिसेकंद लागतात. 80 टक्क्यांवर 100, 90 वर 200, 95 वर 400. 90 वरून 95 वर जाताना, फक्त पाच टक्क्यांत, वेळ दुप्पट झाला!

आता लोड टेस्ट. ती करायलाच हवी, पण तिचा आकडा म्हणजे अंतिम सत्य, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण कागदावर सोडवून पाहावं. टूलचा एक थ्रेड दर 5 मिलिसेकंदांनी एक रिक्वेस्ट पाठवतो, उत्तर 2 मिलिसेकंदांत येतं. टेस्ट एक मिनिटाची. शेवटचे 6 सेकंद सिस्टिम गोठते. थ्रेड उत्तराची वाट पाहत बसतो, त्या वेळात नवीन काही पाठवतच नाही. नोंद होते 10,800 जलद उत्तरांची आणि एका 6 सेकंदांच्या उत्तराची. सरासरी जेमतेम अडीच मिलिसेकंद, 99वा पर्सेंटाइल (100 पैकी 99 उत्तरं ज्या वेळेच्या आत येतात तो आकडा) 2 मिलिसेकंद. खरे वापरकर्ते मात्र टूलसारखे थांबत नाहीत. त्या 6 सेकंदांत 1,200 रिक्वेस्ट आल्या असत्या, आणि तोच 99वा पर्सेंटाइल 5 सेकंदांच्या वर गेला असता. गिल टेने यांनी या चुकीला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असं नाव दिलं आणि ती टाळणारं ‘डब्ल्यूआरके2’ हे लोड टेस्टचं टूलही लिहिलं. मोजणाऱ्याची रीत मोजमापात कशी मिसळते, हे मॉडेल शेजारी ठेवल्याशिवाय लक्षातच येत नाही.

ही टूल्स महाग आणि प्राध्यापकांपुरती, असंही त्या मजकुरात आहे. हे सरळ चूक आहे. मिलानचं पॉलिटेक्निक आणि लंडनचं इंपीरियल कॉलेज यांचं ‘जेएमटी’ मोफत मिळतं. त्यात रांगांचं जाळं माउसने काढता येतं आणि गणिताने किंवा सिम्युलेशनने सोडवता येतं. नील गुंथर यांचं ‘पीडीक्यू’ही मुक्त आहे.

मॉडेलला कच्चा माल लागतो, आणि तो लोड टेस्टमधूनच येतो: एका रिक्वेस्टला कुठे किती वेळ लागला. तो वेळ चुकीचा मोजला तर मॉडेलही चुकेल, हे मान्यच. पण बरोबर मोजला तर बदल करण्याआधी प्रश्न विचारता येतो. वरच्याच उदाहरणात कनेक्शन 20 ची 30 करायची, की ती अडवून ठेवण्याचा वेळ 50 वरून 30 मिलिसेकंदांवर आणायचा? पहिल्या उपायाने सेकंदाला 600 रिक्वेस्टची मर्यादा मिळते, दुसऱ्याने 666 ची. शिवाय कनेक्शन वाढली की लॉकसाठी, म्हणजे डेटाबेसमधल्या त्याच नोंदींवर ताबा मिळवण्यासाठी, चढाओढ वाढते, आणि 50 मिलिसेकंद 50 राहतीलच असं नाही.